शेजारच्या खोलीत न पोहोचणारा आवाज

घरातल्या फोनवरून बोस्टनला फोन लावला तर तो लागतो आणि पलीकडचे बोलणे स्वच्छ ऐकू येते. त्याच फोनवरून वरच्या मजल्यावरच्या फोनला लावला तर रिंग वाजते, कोणीतरी रिसीव्हर उचलते आणि पुढे दोन्हीकडे नुसतेच ‘हॅलो, हॅलो’. इंटरनेटवर चालणारे फोन ज्यांनी घरात बसवले आहेत त्यांच्यापैकी पुष्कळांना हा अनुभव कधी ना कधी येतो, आणि पहिल्या खेपेला तो बुद्धीला पटत नाही. जो आवाज समुद्र ओलांडतो त्याला जिना का चढता येऊ नये? मग केबल बदलली जाते, हँडसेट बदलला जातो, राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो. त्याने बहुधा काही फरक पडत नाही. फोन इंटरनेटला जोडणारे अ‍ॅडॉप्टरचे डबे, तारा आणि फोन सगळे धड असतात. एका डब्याने दुसऱ्याला सांगितलेला पत्ता तेवढा चुकलेला असतो. तो पत्ता कुठे आणि कसा चुकतो हे कळले तर या बिघाडांचा शोध घ्यायला तंत्रज्ञ बोलवावा लागत नाही.

आधी अ‍ॅडॉप्टरबद्दल. तळहातावर मावणारा हा डबा. एका खाचेत लँडलाइनच्या साध्या हँडसेटची तार, दुसऱ्या खाचेत राउटरकडे जाणारी केबल. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंज जे काम करत असे ते सगळे हा डबा घरात करतो: तारेवर ४८ व्होल्टच्या आसपासचा दाब ठेवतो, डायल टोन देतो, रिंग वाजवण्यापुरता जास्त दाबाचा प्रवाह सोडतो आणि दाबलेल्या बटणांचे सूर ओळखतो. सिपुरा कंपनीच्या (२००५ मध्ये ती सिस्कोने घेतली) तंत्रावर चालणारे आणि लिंक्सिसच्या नावाने विकले गेलेले पॅप-२, ग्रँडस्ट्रीमचे एचटी मालिकेतले डबे, सिस्कोचा एसपीए-११२ ही यातली जुनीजाणती मंडळी. फायबरची जोडणी घेतल्यावर भिंतीवर जो डबा बसतो त्याच्यावरची फोनची खाचही आतून हेच काम करते. ज्यांनी अ‍ॅडॉप्टर हे नावही ऐकलेले नाही अशा अनेकांच्या घरात तो असा आधीच येऊन बसलेला आहे. एक इशारा इथेच द्यायला हवा. डब्याची फोनची खाच भिंतीतल्या जुन्या टेलिफोन सॉकेटला जोडून घरभर फोन चालवायचे असतील, तर त्या सॉकेटमध्ये एक्स्चेंजची चालू लाइन नाही याची आधी खात्री करावी. दोन्हीकडून दाब आला तर डबा जळू शकतो.

आता कॉलकडे. कॉल ही एक अखंड गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. पण त्यात दोन निरनिराळे प्रवास असतात. पहिला प्रवास निरोपांचा. तो ‘सिप’ या नियमावलीप्रमाणे चालतो. खालचा डबा वरच्याला ‘इन्व्हाइट’ म्हणजे बोलावणे पाठवतो. वरचा डबा आधी ‘मिळाले, बघतो’ अशा अर्थाचा आणि मग ‘रिंग वाजते आहे’ असा निरोप परत देतो. रिसीव्हर उचलला की ‘ओके’ येतो, त्याची पोच म्हणून खालून ‘अ‍ॅक’ जातो, आणि बोलणे संपून फोन ठेवला की ‘बाय’. हे निरोप साधारणपणे ५०६० या पोर्टवर ये-जा करतात. दुसरा प्रवास आवाजाचा. सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये, म्हणजे प्रत्येक बाजूने सेकंदाला ५० पॅकेट. ही पॅकेट वेगळ्या पोर्टवरून जातात आणि त्यांची वाटही वेगळी असू शकते. निरोप दूरच्या सर्व्हरमार्गे फिरून येत असताना आवाज एका डब्यातून दुसऱ्यात थेट जाऊ शकतो.

म्हणून रिंग वाजली याचा अर्थ निरोप पोहोचले, इतकाच. आवाजाच्या वाटेबद्दल रिंग काहीही सिद्ध करत नाही. ‘रिंग तर वाजते, म्हणजे कनेक्शन ठीक आहे’ हे वाक्य या विषयात सर्वांत जास्त दिशाभूल करते.

मग आवाजाला वाट कोण दाखवते? बोलावण्याच्या निरोपातच मजकुराचा एक छोटा भाग असतो. त्यात डबा सांगतो की माझ्यासाठीचा आवाज अमुक आयपी पत्त्यावर, अमुक पोर्टवर पाठव. आणि आवाज बांधण्याच्या अमुक पद्धती मला समजतात. समोरचा डबा आपल्या ‘ओके’मध्ये स्वतःचा पत्ता असाच देतो. दोघेही मग एकमेकांनी सांगितलेल्या ठिकाणी पॅकेट सोडत राहतात.

यातून एक उलटा वाटणारा नियम निघतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात त्याच्याइतके उपयोगाचे दुसरे काही नाही. आवाज कुठे पाठवायचा हे बोलणारा ठरवत नाही, ऐकणारा सांगतो. खालच्या मजल्यावरचे बोलणे वर ऐकू येत नसेल तर पहिला संशय वरच्या डब्यावर घ्यायला हवा: त्याने आपला पत्ता चुकीचा सांगितला असेल, किंवा त्याच्या दाराशीच काहीतरी अडत असेल. लोक नेमके उलट करतात. ज्याचा आवाज जात नाही त्याचा हँडसेट उघडून माइक तपासतात.

हा नियम वापरायचा तर आधी कोणाला ऐकू येत नाही हे नीट ठरवावे लागते. दोघांनी एकदम ‘हॅलो’ म्हणून ते कधीच कळत नाही. एकाने सावकाश अंक म्हणावेत, दुसऱ्याने गप्प राहून ऐकावेत, मग पाळी बदलावी. फोन शेजारी शेजारी नसावेत आणि मधले दार बंद असावे. नाहीतर दारातून आलेला आवाज फोनमधून आला असे वाटते. त्याहून पक्का पुरावा डब्याकडेच असतो. बहुतेक अ‍ॅडॉप्टरना स्वतःचे वेबपान असते; त्यांचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की ते उघडते. सिपुरा-लिंक्सिस घराण्याच्या डब्यांत चालू कॉलची किती पॅकेट पाठवली आणि किती मिळाली हे आकडे तिथे दिसतात. कॉल चालू ठेवून पान पुन्हा पुन्हा उघडावे. पाठवलेला आकडा वाढतो आहे आणि मिळालेला शून्यावरच आहे, असे दिसले तर हँडसेट, माइक, तार हे सगळे संशयितांच्या यादीतून एका फटक्यात बाहेर जातात.

आता डबा स्वतःचा पत्ता चुकीचा का सांगतो हे पाहू. इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले. त्यावर तात्पुरता उपाय म्हणून मे १९९४ मध्ये ‘नॅट’ची कल्पना मांडली गेली: घरातल्या सगळ्या यंत्रांना खासगी पत्ते द्यायचे, बाहेर जाताना राउटरने त्यांच्या जागी आपला एकच सार्वजनिक पत्ता लावायचा आणि कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे याची नोंद ठेवायची. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते आपल्या घरोघरी दिसतात ते यामुळेच. तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय जगभर कायमचा झाला. सिपची पहिली नियमावली मार्च १९९९ मध्ये आली आणि जून २००२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती. मार्क हँडली, हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बांधली ती दोन यंत्रे एकमेकांना थेट गाठू शकतात या धारणेवर. निरोपाच्या मजकुरात स्वतःचा पत्ता लिहिण्याची रीत त्या धारणेतून आली. घराघरात नॅट असलेल्या जगात तीच रीत अडचणीची ठरली.

पत्राचे उदाहरण इथे चपखल बसते. नॅट करणारा राउटर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतो. आतल्या पत्रात ‘उत्तर या पत्त्यावर धाडावे’ म्हणून जे लिहिले आहे त्याला तो हात लावत नाही. डब्याला स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२० एवढाच ठाऊक असतो आणि तोच तो आत लिहितो. बोस्टनच्या यंत्राने त्या पत्त्यावर आवाज पाठवायचा म्हटले तर तो कुठेच पोहोचणार नाही, कारण तसला पत्ता लाखो घरांत आहे आणि बाहेरच्या रस्त्यावर तो चालतच नाही.

यावर उपाय निघाले, आणि घरातल्या घरात फोन न लागण्याचे मूळ पुष्कळदा या उपायांतच असते. एक उपाय ‘स्टन’. २००३ मध्ये त्याचा पहिला आराखडा आला. डबा बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून आलेला दिसतो?’ आणि जे उत्तर मिळेल ते, म्हणजे राउटरचा सार्वजनिक पत्ता, आपल्या मजकुरात लिहितो. दुसरा उपाय राउटरचा: काही राउटर सिपचे निरोप ओळखून आतला मजकूर स्वतःच बदलतात. या सोयीला सिप-एएलजी म्हणतात. तिसरा उपाय सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरचा: डब्याने काहीही लिहिलेले असो, आवाज जिथून येताना दिसतो तिथेच उलट पाठवायचा. तीनही उपाय बाहेरच्या कॉलसाठी केलेले आहेत. ते एकमेकांच्या नकळत एकाच वेळी चालू असतील तर दुरुस्त केलेला पत्ता पुन्हा ‘दुरुस्त’ होतो. सिप-एएलजी तर इतक्या राउटरमध्ये कच्चे लिहिलेले आढळते, की अडचण आल्यास राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आधी बंद करून पाहावे असेच मी सुचवीन.

आता वरच्या मजल्यावरच्या फोनकडे येऊ. दोन्ही डबे एकाच कंपनीच्या सर्व्हरकडे नोंदवलेले आहेत आणि दोघांत स्टन चालू आहे असे समजा. खालचा डबा म्हणतो, ‘माझ्यासाठीचा आवाज राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावर पाठव.’ सर्व्हर हा निरोप तसाच वरच्या डब्याला देतो. वरचा डबा आज्ञाधारकपणे त्या पत्त्याकडे पॅकेट सोडतो. म्हणजे कुठे? आपल्याच राउटरच्या बाहेरच्या अंगाला. पॅकेट राउटरपाशी येते. ते आतून आले आहे आणि त्याला परत आतच जायचे आहे. राउटरने त्याला दाराशीच वळवून आत सोडायला हवे. या वळणाला ‘हेअरपिन’ म्हणतात. जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅटविषयीच्या शिफारशींमध्ये राउटरला हे वळण आलेच पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही घरगुती राउटरांपैकी कितीतरी ते घेत नाहीत आणि पॅकेट टाकून देतात. दोन्ही बाजूंना तेच घडत असल्याने दोन्ही बाजू बहिऱ्या होतात. बोस्टनच्या कॉलमध्ये हे वळण येतच नाही, म्हणून तो सुखरूप पार पडतो. बाहेरच्यांसाठी खरा असलेला पत्ता घरातल्यांसाठी खोटा ठरला, एवढेच झालेले असते.

काही सेवांमध्ये आवाजसुद्धा कंपनीच्या सर्व्हरमधून फिरून येतो. तिथे ही अडचण येत नाही, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा आवाज दूरच्या शहराची फेरी मारून येतो. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. त्याच्या पुढे गेल्यावर माणसे एकमेकांच्या बोलण्यात घुसू लागतात. सर्व्हर फार लांब असेल तर भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलतानाही तसे होते.

हे सगळे वाटेतून काढून टाकणारी एक चाचणी आहे, आणि ती सर्वांत आधी करावी असे माझे मत आहे: सर्व्हरला बाजूला ठेवून एका डब्यावरून दुसऱ्या डब्याच्या आयपी पत्त्यावर थेट फोन लावणे. त्यासाठी दोघांचे पत्ते हवेत. सिपुरा-लिंक्सिसच्या डब्याला जोडलेल्या फोनवर चार वेळा स्टार आणि मग ११० हॅश दाबले की डबा आपला पत्ता बोलून दाखवतो. ग्रँडस्ट्रीममध्ये तीन वेळा स्टार आणि मग ०२. ऐकलेले पत्ते लिहून घ्यावेत आणि जरा नीट पाहावेत. एक १९२.१६८.०.१५ आणि दुसरा १९२.१६८.१.२० असा असेल तर इथेच थांबावे. घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक नॅट करत आहेत: एक इंटरनेटवाल्याने बसवलेला, दुसरा आपण चांगल्या वायफायसाठी विकत आणलेला. आपल्याकडच्या घरांत ही मांडणी सर्रास दिसते. दुसऱ्या राउटरला नुसते अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवले की दोन्ही डबे एका नेटवर्कवर येतात. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर एखादा डबा जोडलेला असेल तरीही दोन डब्यांना एकमेकांना गाठता येत नाही, कारण त्या जाळ्यातली यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच ती व्यवस्था असते.

पत्ते एकाच नेटवर्कमधले असतील तर ग्रँडस्ट्रीमच्या फोनवर स्टार ४७ दाबून पुढे पत्ता दाबायचा, टिंबाच्या जागी स्टार. लिंक्सिसच्या डब्यात आधी वेबपानावर दोन सेटिंगे बदलावी लागतात: नोंदणीशिवाय कॉल करू द्यावा आणि नोंदणीशिवाय आलेला कॉल घेऊ द्यावा. मग डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कॉल कुठे लावायचा याच्या नियमांत, समोरच्याचा पत्ता लिहून ठेवला की रिसीव्हर उचलताच फोन तिकडे लागतो. चाचणीच्या वेळी दोन्ही डब्यांतले स्टन बंद ठेवावे. ते चालू राहिले तर थेट कॉलमध्येही सार्वजनिक पत्ता लिहिला जाऊन तीच शांतता पदरी पडते.

थेट कॉलमध्ये पॅकेट एका केबलमधून दुसऱ्या केबलमध्ये जातात. नॅट त्यांना पाहत नाही, सिप-एएलजीला त्यांचा पत्ताही लागत नाही, सर्व्हर तर चित्रातच नाही. असा कॉल नीट चालला, दोन्हीकडे ऐकू आले, तर हँडसेट, तारा, डबे, आवाज बांधण्याची पद्धत हे सगळे निर्दोष ठरते आणि दोष राउटरच्या दारापाशी किंवा त्याच्या पलीकडे आहे हे पक्के होते. थेट कॉलही लागला नाही तर उलट: सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करून काहीही उपयोग नाही, शोध घरातच घ्यायला हवा. अर्धे घर असे बाजूला काढता येणे ही फार मोठी सोय आहे. घरातल्या घरात बोलणे एवढाच हेतू असेल तर चाचणी म्हणून केलेली मांडणीच कायमची ठेवायलाही हरकत नाही. मात्र मग डब्यांचे पत्ते बदलता कामा नयेत. राउटर आपल्या मर्जीने पत्ते वाटतो आणि वीज जाऊन आल्यावर ते बदलू शकतात. महिनाभर बरोबर चाललेला फोन एका सकाळी मुका होतो तो यामुळे. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डब्यासाठी पत्ता राखून ठेवता येतो.

सर्व्हरमार्गे जाताना दोन डब्यांचे आणखी एक भांडण होते, ते पोर्टवरून. दोघेही ५०६० वरून बोलतात. चांगला राउटर बाहेरच्या बाजूला दोघांना वेगवेगळे पोर्ट देऊन निभावून नेतो. कच्चा राउटर गोंधळतो, आणि मग एकाची रिंग दुसऱ्याकडे वाजते किंवा शेवटी नोंदणी केलेलाच फोन तेवढा जिवंत राहतो. दोन खाचांचा लिंक्सिसचा डबा पहिल्या लाइनला ५०६० आणि दुसरीला ५०६१ वापरतो, म्हणून दुसऱ्या डब्याला ५०६२ पासून पुढचे पोर्ट द्यावेत. आवाजाच्या पोर्टांचे पट्टेही दोन्ही डब्यांत वेगळे ठेवावेत.

कॉल किती वेळाने तुटतो हाही एक पुरावाच असतो, पण घड्याळ लावून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. रिसीव्हर उचलला, बोलणे सुरू झाले, दोन्हीकडे स्वच्छ ऐकू येते आहे आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कॉल कट. पुन्हा लावला, पुन्हा तितक्याच वेळाने कट. हा आकडा ३२ सेकंदांचा असतो आणि तो नियमावलीतूनच येतो. ‘ओके’ पाठवणाऱ्या डब्याला त्याची पोच, म्हणजे ‘अ‍ॅक’, मिळायला हवी. ती मिळाली नाही तर तो ‘ओके’ पुन्हा पुन्हा पाठवतो: आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. मूळ अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वेळ, म्हणजे ३२ सेकंद, वाट पाहून तो ‘बाय’ करतो. बोलणाऱ्यांना यातले काहीच ऐकू येत नाही, कारण आवाज आपल्या वेगळ्या वाटेने सुरळीत चाललेला असतो. इथेही चूक पत्त्याचीच आहे, फक्त वेगळ्या पत्त्याची: पोच कुठे पाठवायची हे उचलणारा डबा आपल्या निरोपात लिहितो आणि तिथे त्याने खासगी किंवा जुना पत्ता लिहिलेला असतो. स्टन, एएलजी आणि पोर्ट ही तीन ठिकाणे पुन्हा तपासायची. कॉल १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर गोष्ट निराळी. कॉल अजून जिवंत आहे ना, हे विचारणारा निरोप ठरावीक काळाने जातो. मुदत अनेकदा १,८०० सेकंदांची असते आणि विचारणा तिच्या निम्म्यावर होते. ती पोहोचली नाही की कॉल संपवला जातो.

‘इथून फोन लागतो, पण इथे येत नाही’ ही आणखी एक नेहमीची तक्रार. राउटरने एकदा केलेली नोंद तो कायम ठेवत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत उत्तर न आलेल्या, म्हणजे एकतर्फी यूडीपी पॅकेटची नोंद ३० सेकंदांत पुसावी असे मूळ सेटिंग असते. डबा मात्र सर्व्हरकडे तासाला एकदाच नोंदणी करत असेल, तर मधल्या काळात बाहेरून आलेल्या बोलावण्याला आत यायला वाटच उरत नाही. लावणाऱ्याला वाटते रिंग वाजते आहे आणि कोणी उचलत नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘नॅट कीप-अलाइव्ह’ नावाची एक सोय असते. ती चालू केली की डबा दर १५–२० सेकंदांनी एक छोटे पॅकेट बाहेर सोडत राहतो आणि नोंद पुसली जात नाही.

या अडचणींनी वैतागून काही जण राउटरचे ५०६० पोर्ट अ‍ॅडॉप्टरसाठी सरसकट उघडे करतात, किंवा डब्याला सगळ्या संरक्षणाच्या बाहेर आणून ठेवतात. हे करू नये असे मी कळकळीने सांगेन. इंटरनेटवर या पोर्टचा शोध घेत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. उघडा डबा त्यांना सापडला की रात्री दोन-तीनला फोन वाजतो, पडद्यावर १०० किंवा १००१ असा भलताच क्रमांक दिसतो आणि उचलल्यावर पलीकडे कोणीच नसते. घरात वयस्कर माणसे असतील तर अशा रिंगने काय धास्ती बसते हे सांगायला नको. आपल्या सर्व्हरकडूनच आलेली बोलावणी स्वीकारावीत असे सेटिंग ग्रँडस्ट्रीमच्या डब्यांत असते. ते चालू केले की ही उपाधी थांबते. थेट आयपी कॉलची चाचणी करताना मात्र हेच सेटिंग आड येते, कारण वरच्या मजल्यावरचा डबा सर्व्हर नाही. चाचणीपुरते ते काढून नंतर आठवणीने परत लावावे.

काही किरकोळ गोष्टी मोठ्या बिघाडांचे सोंग घेतात. क्रमांक दाबल्यावर फोन लागायला वेळ लागत असेल तर डबा आणखी अंक येतील म्हणून थांबलेला असतो. लिंक्सिसमध्ये हा अवकाश १० सेकंदांपर्यंत असतो. शेवटी हॅश दाबावा. डायल टोन येतो पण बटण दाबल्यावरही तो तसाच राहतो, असे असेल तर हँडसेटच्या तळाशी टी आणि पी अशी अक्षरे असलेले बटण पाहावे. ते पी वर असेल तर फोन जुन्या चक्री डायलसारखे ठोके पाठवतो आणि बऱ्याच अ‍ॅडॉप्टरना ते कळत नाहीत. आवाज बांधण्याची एकही सामाईक पद्धत दोन्ही डब्यांना येत नसेल तर ४८८ हा क्रमांक असलेला नकार मिळतो. एकाला फक्त जी-७२९ ही पद्धत आणि दुसऱ्याला फक्त जी-७११ वापर असे बजावले की हे हमखास होते. पॅप-२ च्या दोन लाइनींपैकी एका वेळी एकाच लाइनीला जी-७२९ वापरता येते, त्यामुळे दुसरी लाइन विनाकारण बंद पडल्यासारखी भासते. घरातल्या नेटवर्कवर जागेची टंचाई नसते. तिथे जी-७११, म्हणजे वर सांगितलेली ६४ किलोबिटची पद्धतच ठेवावी.

घरात तीन-चार फोन झाले की प्रत्येक डब्यात दुसऱ्याचे पत्ते लिहीत बसण्यापेक्षा छोटे एक्स्चेंजच बसवणे सोयीचे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहिलेले अ‍ॅस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालते. सगळे डबे घरातल्याच सर्व्हरकडे नोंदवले की नॅटचा प्रश्न एका ठिकाणी, सर्व्हर आणि बाहेरचे जग यांच्या मध्ये, उरतो. त्यात आपले घरचे जाळे कोणते आणि बाहेरचा पत्ता कोणता या दोन ओळी बरोबर भराव्या लागतात. त्या चुकल्या तर तो घरातल्या फोनलाही बाहेरचा पत्ता सांगू लागतो आणि आपण पुन्हा हेअरपिनच्या वळणावर येऊन उभे राहतो.

दुसरा डबा गावच्या घरी ठेवायचा असेल तर थेट पत्त्यावर फोन लावण्याची युक्ती बहुधा चालणार नाही. पत्ते वाचवण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या आता स्वतःच्या बाजूला आणखी एक नॅट करतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला दिसला तर समजावे की आपल्या राउटरलाही खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला नाही. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी दोन्ही घरांना गाठता येईल असा एखादा सर्व्हर बाहेर हवा, किंवा दोन घरांमध्ये व्हीपीएन. व्हीपीएन जोडले की गावचा डबा आपल्या नेटवर्कच्या आत आल्यासारखा वागतो. मात्र दोन्ही घरांतल्या राउटरनी १९२.१६८.१ हाच पट्टा वाटलेला असेल तर कोणता पत्ता कुठल्या घरचा हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून एका घरचा पट्टा आधीच बदलून घ्यावा.